अप्पाची तांबडी दोरी

आमच्याकडं बर्फ पडत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी मला येडा म्हणायला नको. जळकोटच्या शिवारात पाऊस पडायचीच मारामार, तिथं बर्फ कुठला पडायला? पण बर्फ कसा पडतो, पडल्यावर कसा बसतो, बसलेला कसा सुटतो आणि सुटला की माणसाला कसा गाडतो, हे मला पाठ आहे. मी शाळा शिकलो दोन यत्ता, त्याही निजामाच्या अमलात, उर्दूतनं. मराठी अक्षरं मागनं दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. परवा पारावर मास्तरांनी पेपर वाचला, की हिमालयात हंगामाच्या पहिल्याच बर्फात डोंगराचा उतार सुटला आणि माणसं गाडली गेली. वाचून झालं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आजोबा, तुम्हाला ह्यातलं काय कळणार म्हणा."

मी उठून घरी आलो, नातीची वही घेतली आणि लिहायला बसलो.

ज्याच्यामुळं मला हे कळतं तो माणूस म्हणजे मल्लाप्पा. गाव त्याला माघारी बर्फअप्पा म्हणायचं, तोंडावर नुसतं अप्पा. घरात कानडी, बाहेर मराठी आणि खेचराशी हिंदी, अशा तीन भाषा बोलायचा. संस्थान बुडालं त्याच्या मागोमाग पलटणीत भरती झाला. बंदूक त्यानं फारशी चालवली नसावी. खेचर चालवलं. काश्मिराच्याही वर, जिथं झाड म्हणून दिसत नाही, तिथल्या ठाण्यांवर खेचरांच्या पाठीवरनं तेल-मीठ पोचवायचं, हे त्याचं काम. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराला तो परत आला. डाव्या पायाची दोन बोटं वरच राहिली होती, थंडीनं झडून. बदल्यात तीन वस्तू घेऊन आला : कान झाकणारी लोकरीची टोपी, लोखंडी टोकाची पुरुषभर काठी, आणि पंधरा हात लांब तांबडी दोरी.

टोपी तो चैत्रातसुद्धा काढायचा नाही. काठी जमिनीत टोचल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचा नाही, मग जमीन शेतातली असो, देवळातली असो नाहीतर डांबरी सडक असो. आणि दोरीचं एक टोक कंबरेला बांधून बाकीची सगळी दोरी मागं जमिनीवर फरफटत सोडून चालायचा. म्हणजे अप्पा देवळाच्या पायरीवर पोचला तरी त्याचं शेपूट अजून वाण्याच्या दुकानापुढं असायचं.

पहिल्यांदा गावाला वाटलं, दोरी सुटलीय. दहा जणांनी सांगितलं, "अप्पा, दोरी लोंबतीय." तो म्हणायचा, "लोंबायलाच सोडलीय. म्या गाडलो तर वर एवढंच दिसंल. हिला धरून वढायचं."

"कशात गाडणार?"

"ते आधी कळलं असतं तर दोरी कशाला बांधली असती?"

आठवड्याच्या बाजारात त्या दोरीवर हटकून कुणाचातरी पाय पडायचा. अप्पाला मागनं हिसका बसायचा. दुसरा माणूस असता तर शिवी दिली असती. अप्पा जागेवर थांबायचा, मान वळवायचा आणि ज्याचा पाय पडला त्याला अगदी मनापासनं म्हणायचा, "सापडलो. बरं झालं." मग गावातली रिकामटेकडी माणसं मुद्दाम पाय ठेवायला लागली. मीही ठेवलाय. सात-आठ वेळा तरी. प्रत्येक वेळी तेच : "सापडलो. बरं झालं."

आता बर्फ म्हणजे आम्हाला काय माहीत होतं? सोलापूरहून लग्नाच्या सरबताला लाकडाच्या भुशात गुंडाळून, गोणपाटात बांधून लादी यायची, तो बर्फ. पोलीस पाटलाच्या पुतण्याच्या लग्नात अशी लादी आली. अप्पा तिच्यापुढं उकिडवा बसला, काठीनं दोनदा ठोकली, नखानं खरवडली आणि म्हणाला, "हे मेलेलं हाय. बर्फ जिता असतो. रोज रूप बदलतो."

पाटील पंगतीत वाढत होते. त्यांनी चेष्टेनं विचारलं, "अप्पा, तुमचा कोण जोडीदार म्हणं बर्फाखाली मेला. असली लादी डोस्क्यात पडली व्हय?"

पंगत खदखदून हसली. अप्पानं हातातला बुंदीचा घास परत पत्रावळीवर ठेवला, पाण्यानं हात धुतला आणि उठून गेला. त्याच्या मागनं दोरी पंगतीतनं सरकत गेली, पंधरा हात, पत्रावळींच्या मधनं. ती संपेपर्यंत वाढणारे जागेवरच थांबले.

दुसऱ्या दिवशी तो पारावर एक सूप, पायलीभर ज्वारी आणि एक भाकरी घेऊन हजर झाला. गाव गोळा केलं. सुपात ज्वारी पसरली, तिच्यावर ओल्या हातानं भाकरी थापून ठेवली.

"हे बघा. दिवाळीच्या आधी वर पहिला बर्फ पडतो. थोडाच. सावलीच्या बाजूला वितळत न्हाय, तसाच पडून ऱ्हातो. थंडीनं त्याचा दाणा दाणा सुटा व्हतो, ह्या ज्वारीवाणी. मग वाऱ्यानं दुसरा बर्फ येऊन त्याच्यावर बसतो, ह्या भाकरीवाणी. वरनं बघितलं तर पांढरं सपाट, देवाचं अंगण. पण खाली दाणा. माणूस गेला, एक पाय पडला, की—"

त्यानं सूप तिरपं केलं. भाकरी सर्रकन घसरून खाली मातीत पडली. एक कुत्रं आलं आणि भाकरी घेऊन गेलं.

लोक विचारात पडले. मग शेळ्या राखणारा तुकाराम म्हणाला, "समदं समजलं अप्पा. पर वर कुत्रं म्हंजी कोण?"

पण अप्पा हटणारा नव्हता. मीही हट्टी आहे, मला हट्टी माणूस ओळखता येतो. त्यानं त्याच वर्षापासनं रोज सकाळी गावाला अवस्था सांगायला सुरुवात केली. अवस्था हा त्याचाच शब्द. दसरा झाला की शिवरात्रीपर्यंत नेमानं. पारावर उभा राहायचा, बोट ओलं करून वारा बघायचा, काठी तीन ठिकाणी टोचायचा, गावामागच्या बोडक्या माळाकडं डोळे बारीक करून बघायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "आज आडोशाची बाजू वाईट. वाऱ्याची बाजू बरी. उतार ओलांडायचा तर एकेकट्यानं. बोलायचं न्हाय."

तो माळ किती उंच म्हणाल, तर त्याच्यावर उभी राहिलेली शेळी गावातनं ओळखता यायची. पण तुकारामाच्या मनात काय शिरलं देव जाणे, तो एकेक शेळी माळावरनं ओलांडवायला लागला. एक शेळी पार झाली की दुसरी. बत्तीस शेळ्या. त्याची बायको अप्पाच्या दारात येऊन भांडली, की नवरा दिवसभर माळावर शेळ्यांना गप्प बसा म्हणत उभा असतो.

नंतर तर कहर झाला. पाटलाच्या थोरल्या मुलीला बेंबळीहून स्थळ आलं. पोरगा देखणा, घर बरं, सुपारी फोडायचीच बाकी. पाटील पारावरनं चालले होते, अप्पाची अवस्था ऐकली आणि सहज म्हणाले, "काय अप्पा, बेंबळीकडची बाजू कशीय?"

अप्पानं काठी टोचली. "काल काय पडलंय का तिकडं?"

"पडलं काय? सोयरीक आलीय."

"म्हंजी नवा थर. नव्या थरावर लगीच पाय देऊ नये. तीन दिस बसू द्या. सुटायचा असला तर तेवढ्यात सुटतो."

पाटील हसले, पण थांबले. तिसऱ्या दिवशी येडशीच्या स्टेशनावर काम करणारा त्यांचा एक पाहुणा आला आणि बोलता बोलता कळलं, पोराची पहिली बायको सोलापुरात धडधाकट आहे. झालं! त्या दिवसापासनं सगळं गाव अप्पाला विचारायला लागलं. बैल घेऊ का, भिंत घालू का, सुनेला माहेरी धाडू का. अप्पा कुणालाच बैलाचं, भिंतीचं, सुनेचं सांगायचा नाही. तो बर्फाचंच सांगायचा. लोक त्यातनं आपापलं काढून घ्यायचे आणि ते बरोबर यायचं.

मी कधी विचारलं नाही. मी मुकादम माणूस. सडकेच्या कडेला तेव्हा कापसाचा एक जिन होता, जिथं कापसातनं सरकी काढून रुई वेगळी करायचे. तिथल्या तीस माणसांवर माझा हुकूम चालायचा. शेटसुद्धा मला विचारून बोलायचा. मी खेचरवाल्याला काय विचारणार?

त्या साली दसरा झाला आणि पहिल्या कापसाच्या गाड्या यायला लागल्या. पत्र्याच्या मोठ्या कोठारात मागल्या सालची सरकी पडून होती, मागच्या भिंतीला टेकलेली, वरनं खाली उतरत आलेली. शेट म्हणाला, सरकी हलवायला वेळ नाही. मी म्हणालो, हलवायची गरजच नाही, कापूस तिच्यावरच टाका. चार दिवस गाड्या रिकाम्या होत राहिल्या. पहाटे वेचलेला, दहिवरानं ओला झालेला कापूस. भिंतीच्या माथ्यापर्यंत पांढरा उतार झाला. खालच्या अंगानं बाया पाट्या भरून यंत्राकडं न्यायच्या. त्यात आमची मंडळी होती, हौसाबाई. मुकादमाची बायको म्हणून ती सगळ्यांच्या पुढं, ढिगाच्या अगदी पायाशी भरायची.

अप्पा तेल मागायला म्हणून फाटकातनं आत आला आणि कोठारापुढं उभा राहिला. तेलाची बाटली त्याच्या हातातनं खाली पडली. फुटली. त्यानं बघितलंही नाही. पुढं गेला, काठी ढिगात खुपसली, कान लावला, बाहेर काढली, परत खुपसली. मग हळू आवाजात म्हणाला, "मुकादम, माणसं काढा."

"का वो?"

"खाली सुटा दाणा. वर नवा थर, वला, जड. त्यात तुमी पायथा उकरताय. आज सुटणार हे."

"अप्पा, हा कापूस हाय."

"पांढरा हाय न्हवं?"

"पांढरं तर तुमचं धोतर बी हाय. ते सुटतंय का?"

"गाठ न्हाय मारली तर ते बी सुटतं."

माणसं हसली. माझ्या माणसांनी माझ्यासमोर दुसऱ्याच्या बोलण्यावर हसावं, हे मला चालत नव्हतं. मी म्हणालो, "माझ्या जिनात अवस्था मी सांगतो. अवस्था चांगली हाय. भरा गं पाट्या."

पण अप्पाचा शब्द म्हणजे शब्द झाला होता. दोन बाया पाट्या टाकून बाहेर आल्या. मग तिसरी, मग बाकीच्या. हौसाबाई एकटी राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून म्हणालो, "तू भर." मुकादमाचीच बायको मागं सरली तर मुकादमाचं काय राहिलं?

अप्पानं कंबरेची गाठ सोडली. इतक्या वर्षांत त्याला दोरीशिवाय कुणी बघितलं नव्हतं. एकदम लहान दिसायला लागला. तिच्यापाशी जाऊन म्हणाला, "बाई, एवढी बांधू द्या."

मी ओरडलो, "ती काय म्हैस हाय का?"

हौसाबाई म्हणाली, "बांधू द्या वो. अप्पाचा जीव थंड हुईल." आणि हात वर करून उभी राहिली. अप्पानं लुगड्यावरनं दोरी बांधली, टोक मोकळ्या जमिनीवर लांब फेकलं.

"झालं न्हवं? या आता बाहेर," मी अप्पाला म्हणालो.

"न्हाय. त्या भरत्यात तवर म्या बी हितंच उभा ऱ्हातो."

आवाज मोठा झाला नाही. कुणी भरलेलं पोतं जमिनीवर टाकावं तसा, धप्प. वर, भिंतीजवळ, पांढऱ्यात एक काळी रेघ उमटली आणि या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत पळत गेली. मग सगळा उतार एकदम, न मोडता, न सांडता, जसाच्या तसा खाली आला. सुपातली भाकरी आली होती तसाच.

कोठार पांढऱ्या धुरानं भरलं. धूर खाली बसला तेव्हा तिथं माझी बायकोही नव्हती आणि अप्पाही नव्हता. सपाट, पांढरं, देवाचं अंगण. आणि त्याच्यातनं बाहेर आलेली वीतभर तांबडी दोरी.

मी धरली आणि ओढली. मागनं चार जणांनी मला धरलं. ओढत गेलो, उकरत गेलो, दोरीच्या मागं मागं. आधी हात आला, मग केस. हौसाबाईला बाहेर काढलं तर तोंडातला कापूस थुंकून पहिला शब्द बोलली, "माझी पाटी?" आणि दुसरा, "अप्पा?"

अप्पाला दोरी नव्हती.

माणसं बोंबलत ढिगावर चढायला लागली. तेव्हा मी ओरडलो, "सुम्नीरी!" कानडीत गप्प बसा म्हणजे सुम्नीरी. अप्पा रोज म्हणायचा. मला कानडी येत नाही, पण ते आलं. मग मी यंत्रघरातले लांब गज आणवले. माणसं एका रांगेत उभी केली, खांद्याला खांदा. एक पाऊल, एक टोचणं, सावकाश. मग थांबायचं, श्वास धरायचा, ऐकायचं. परत एक पाऊल. हे सगळं अप्पानं पारावर शंभरदा करून दाखवलं होतं आणि आम्ही शंभरदा हसलो होतो. हसता हसता पाठ झालं होतं.

चौथ्या पावलाला थांबलो तर आतनं, लांबच्या विहिरीतनं यावा तसा आवाज आला :

"गज तिरपा घालू नका. सरळ."

तिथं उकरलं. अप्पा कमरेत वाकून, दोन्ही हात तोंडापुढं धरून बसला होता, हवेला जागा ठेवून. मिशीभर कापूस. डोळे उघडून त्यानं विचारलं, "बाई?"

"निघाली," मी म्हणालो.

त्यावर तो जो रडला! एवढा बाप्या माणूस, जिनाच्या विहिरीच्या काठावर बसून पोरासारखा रडला. मग सांगितलं, जे त्या लग्नाच्या पंगतीत सांगितलं नव्हतं. वर एका खिंडीत, असाच हंगामाचा पहिला बर्फ, त्याच्या खेचराचं ओझं सुटायला लागलं. त्यानं जोडीदाराकडं त्याची दोरी मागितली, जराशी, ओझं आवळायला. जोडीदारानं कंबरेची सोडून दिली. दोनशे पावलांवर उतार सुटला. अप्पा कडेला फेकला गेला. बर्फावर तांबडं टोक दिसत होतं. सगळ्यांनी मिळून ओढलं.

"खेचर निघालं," अप्पा म्हणाला. "जितं. कान झाडत उभं ऱ्हायलं. जोडीदार उन्हाळ्यात सापडला."

हौसाबाई केसांतला कापूस वेचत होती. ती म्हणाली, "म्हंजी अप्पा, ह्या डावाला खेचर म्हंजी मीच की वो."

अप्पा रडत होता तसाच हसायला लागला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

माझं चुकलं असं मी त्या दिवशी म्हटलं नाही. आजही म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी सरकी आधी हलवली, आणि जिनातल्या एकूण एक बाईच्या कंबरेला तांबडी दोरी होती. दुपारपर्यंत सात बायांच्या दोऱ्यांचा असा गुंता झाला, की त्यांना जेवायला एका रांगेतच जावं लागलं. शेटनं विचारलं, "मुकादम, हे काय?" मी म्हणालो, "जिनाचा नियम." अप्पा फाटकातनं बघत होता. काठी एकदा टोचली आणि गेला.

अप्पा गेला पाच-सहा वर्षांनी, वैशाखात. ऊन लागलं. बर्फातनं वाचलेला माणूस उन्हानं गेला, आणि डोक्यावर लोकरीची टोपी तशीच. मी उशाशी बसलो होतो. दुपारी डोळे उघडून म्हणाला, "मुकादम, आजची अवस्था सांगितली न्हाय कुणी."

वैशाखात तो कधी अवस्था सांगायचा नाही. पण मी उठलो. त्याची काठी घेतली, दाराबाहेर तीन ठिकाणी टोचली, बोट ओलं करून वर धरलं. आत येऊन म्हणालो, "चांगली हाय. वारा न्हाय. थर बसलाय."

"मग निघतो," अप्पा म्हणाला. "एकेकट्यानंच वलांडायचं असतं."

अप्पा लिंगायत, त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. खड्डा करून आत बसवतात आणि वरनं माती देतात. जंगमस्वामी आले होते, विभूती लावून झाली, अप्पाला खाली बसवला. पहिली पाटी माती पडणार तेवढ्यात हौसाबाईनं मला कोपरानं ढोसलं. मी म्हणालो, "थांबा. दोरी ऱ्हायली."

"कसली दोरी?"

"कंबरंला बांधायची. टोक वर ठेवायचं."

स्वामी म्हणाले, "असं चालत न्हाय. शास्त्रात न्हाय."

"शास्त्रात बर्फ हाय का?"

"न्हाय."

"मग शास्त्राला ह्यातलं काय कळणार?" असं म्हणून मी खड्ड्यात उतरलो. अप्पाच्या कंबरेला गाठ मारली, दोनदा ओढून बघितली आणि दुसरं टोक हातात धरून वर आलो. स्वामींनी दोरीच्या टोकाकडं बघितलं. मग म्हणाले, "टोक लई लांब ठेवू नका. शेळ्या खातील." तुकाराम मागनं म्हणाला, "माझ्या न्हाय खाणार. त्यास्नी माहीताय."

माती दिली. बेल वाहिला. माणसं एकेक करून निघाली. कुणी सांगितलं नव्हतं, पण एकेकटी, न बोलता. हौसाबाई शेवटून दुसरी गेली. मी राहिलो.

ओल्या मातीवर वीतभर तांबडी दोरी होती. मी इकडं तिकडं बघितलं, चप्पल काढली आणि दोरीवर हळूच पाय ठेवला, बाजारात ठेवायचो तसा. थोडा वेळ थांबलो.

मग मीच म्हणालो, "सापडलात अप्पा. बरं झालं."